वंशावळीत न लिहिलेल्या लेकी

आंदर मावळातल्या माणसाला वंशावळ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. टाकव्याच्या बाजूला कारखाने आले, ठोकळवाडीच्या पाण्याकाठी शहरातल्या लोकांचे बंगले उभे राहिले, गुंठ्याचे भाव चढले आणि वडगावच्या तहसील कचेरीत वारस नोंदीची प्रकरणं वाढली. पणजोबा कोण, त्यांना मुलगे किती, कोणत्या भावकीचा वाटा कुठल्या गटात, हे इथल्या विशीतल्या पोरालाही पाठ असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तर मोडीतली जुनी कागदपत्रं धुंडाळून लोक खापरपणजोबांपर्यंत पोहोचले.

या साऱ्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लेकी त्यात नसतात, किंवा असल्या तर हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरत्या असतात. १९९४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरीही जुन्या पिढीतली आत्या कुठे दिली होती, तिला मुलं किती आणि ती कशाने गेली, हे विचारलं की घरातले पुरुष आतल्या खोलीकडे बघतात. उत्तर तिथे असतं. चुलत्याची बायको सांगते, सासू सांगते, माहेरपणाला आलेली म्हातारी सांगते.

वंशपरंपरेने येणाऱ्या कर्करोगाचा शोध घेणाऱ्या डॉक्टरला नेमकी हीच न लिहिलेली वंशावळ हवी असते. तपासणीचं यंत्र कितीही महागडं असो, कोणाचं रक्त तपासायचं आणि त्यात काय शोधायचं, हे आत्या, मावश्या आणि आजीच्या बहिणी यांच्या कहाणीवरून ठरतं.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं भीती पसरवणारं ठरेल. बहुतेक कर्करोग वंशपरंपरेने येत नाहीत. शंभर कर्करोगांत साधारण पाच ते दहाच असे, की ज्यांच्या मुळाशी आईवडिलांकडून आलेला जनुकातला मोठा दोष असतो. मावळातल्या बाईच्या गालाच्या आत होणारा कर्करोग बहुधा मिश्रीचा आणि तंबाखूचा असतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. बाप आणि मुलगा दोघांनाही तोंडाचा कर्करोग झाला, तर दोघांच्या खिशात एकच पुडी होती का, हे आधी विचारावं.

मग ते पाच ते दहा टक्के कोणते? आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांतली काही जनुकं पेशींची राखण करतात. बीआरसीए-१ हे सतराव्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए-२ तेराव्या. डीएनएचा धागा तुटला की तो नीट सांधण्याचं काम ही दोन्ही करतात. एखाद्या घराण्यात यातल्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. ती बिघडलेली प्रत घेऊन जन्मलेल्या मुलीच्या प्रत्येक पेशीत राखणदार एकच उरतो. पुढे आयुष्यात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, की तिथे डीएनएची दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहू शकतो. दोन घाव लागल्यावर रोग होतो, हा विचार अल्फ्रेड क्नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून मांडला. म्हणजे वारशात कर्करोग येत नाही. वारशात येते ती एक आधीच गेलेली राखण.

ही बिघडलेली प्रत मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी असते. निम्मी म्हणजे चार लेकरांपैकी दोघांना, असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा आहे, आणि भातशेती करणाऱ्याला तो चटकन कळावा. इंद्रायणी हा तांदूळ १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा तो संकर. अशा संकराच्या पुढच्या पिढीत कुठल्या रोपात वास उतरेल आणि कुठल्यात बुटकेपणा, हे प्रत्येक रोपाचं निराळं असतं. शेजारच्या रोपात काय उतरलं त्याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणूनच वर्षानुवर्षं निवड करावी लागते. लेकरांचंही तसंच. चौघांनाही ती प्रत जाऊ शकते, चौघंही सुटू शकतात. थोरल्या मुलीला आली म्हणून धाकटी वाचली, असं होत नाही.

आणि ती प्रत वडिलांकडूनही येते. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण ‘आईला नव्हता, मग मला कसा होईल?’ या एका समजुतीने कितीतरी बायका तपासणीपासून दूर राहतात. बाप स्वतः धडधाकट असतो, शेतावर राबत सत्तरी गाठतो आणि त्याच्या बहिणीला चाळिशीत झालेल्या रोगाचा धागा त्याच्यातून त्याच्या मुलीपर्यंत जातो. पुरुषही पुरते सुटत नाहीत. बीआरसीए-२ मधला दोष असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

या शोधाच्या इतिहासातही माहिती बायकांच्या बाजूने आली आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६६ मध्ये स्तनकर्करोगाची जी घराण्यातली परंपरा छापली, ती त्याच्या बायकोच्या माहेरची होती. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला सांगितलं, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच, लहान वयात गेली. वॉर्थिनने तिचं बोलणं झटकून टाकलं नाही. तिच्या घराण्याची माहिती गोळा करून त्याने १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशा घराण्यांचा पाठपुरावा केला आणि आतडं व गर्भाशय यांचे कर्करोग एकत्र आणणाऱ्या या दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनकर्करोगाचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे हे दाखवलं. १९९४ मध्ये ते जनुक हाती आलं. आपल्या घरात रोग पिढ्यान्पिढ्या चालत येतो, हे त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला केव्हाच ठाऊक होतं, फक्त तिच्याकडे त्याला नाव नव्हतं.

धोका किती? बीआरसीए दोष असलेल्या सुमारे दहा हजार स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के निघाली. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या घराण्यांवरचे आहेत, म्हणून आपल्याकडे ते जसेच्या तसे लावू नयेत. पण शंभर टक्के कुठेही नाहीत, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

ही तपासणी परळच्या टाटा रुग्णालयात होते, आणि आंदर मावळाला परळ परकं नाही. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले. घरटी एखादा माणूस मुंबईच्या खोलीत राहून आलेला असतो. टाटा रुग्णालयाशी तर या खोऱ्याचं आणखी एक जुनं नातं आहे. आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण बांधून पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडलं आणि १९२२ मध्ये तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. ही वीज बनवणारी कंपनी दोराबजी टाटांच्या काळात उभी राहिली. दोराबजींच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्या वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या नावच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. वंशपरंपरागत कर्करोगाची तपासणी आणि समुपदेशन करणारा विभाग आज टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आहे; डॉ. राजीव सरीन यांनी हे काम परळ आणि खारघर इथे वाढवलं. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनने आयसर संस्थेबरोबर भारतीय रुग्णांच्या स्तनकर्करोगाच्या संशोधनाचं केंद्र चालवलं आहे. कान्ह्याला लोकल धरली तर पुणे जवळ आहे. अंतर ही खरी अडचण नाही. काय विचारायचं आणि कोणाला न्यायचं, हे माहीत नसणं ही खरी अडचण आहे.

समुपदेशनाच्या खोलीत सुई नंतर येते, आधी कागद येतो. समुपदेशक तीन पिढ्यांचं चित्र काढतो: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, कर्करोग झालेली व्यक्ती भरलेली, गेलेल्यावर तिरकी रेघ. आईकडची बाजू आणि वडिलांकडची बाजू निरनिराळी. प्रत्येकाच्या नावापुढे दोन प्रश्न: कुठला कर्करोग आणि कितव्या वर्षी? ‘म्हातारपणी’ हे उत्तर चालत नाही, कारण ४२ आणि ७२ यांचे अर्थ पार वेगळे आहेत.

इथे गावाकडच्या आठवणींचं भाषांतर करावं लागतं आणि मला हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आजी कशाने गेली, तर ‘पोट फुगून गेली’, ‘पोटात पाणी झालं होतं’. तिच्या पोटात पाणी यकृताच्या आजारानेही झालं असेल, क्षयानेही; पण अंडाशयाचा कर्करोगही तसाच दिसतो आणि तो बहुधा उशिरा कळतो. ‘अंगावरून जात होतं’ यात गर्भाशयाचा कर्करोग लपलेला असू शकतो. ‘छातीला गळू झालं, फुटलं, देवऋषीकडे नेलं’ हे ऐकून जाणता समुपदेशक पेन खाली ठेवत नाही. तो विचारतो, गळू किती महिने होतं, दुखत होतं का, काखेत गाठ होती का, तेव्हा तिचं शेवटचं मूल केवढं होतं? शेवटच्या मुलाच्या वयावरून आजीचं वय निघतं. ज्या घरात जन्मतारखा नाहीत तिथे दुष्काळ, कोयनेचा भूकंप, कुणाचं लग्न, यांच्या आधाराने वर्षं ठरतात. ससूनची किंवा टाटाची जुनी फाइल पत्र्याच्या पेटीत सापडली तर फारच उत्तम. लोक माणूस गेल्यावर फाइल अपशकुनी म्हणून जाळतात किंवा नदीत सोडतात. कृपा करून असं करू नये. बायोप्सीचा तो एक कागद पुढच्या पिढीला लागतो.

चित्र पुरं झालं की संशयाच्या खुणा दिसू लागतात. स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत, दोन्ही बाजूंना किंवा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारचा. अंडाशयाचा कर्करोग, मग वय कितीही असो. पुरुषाला झालेला स्तनकर्करोग. एकाच बाजूच्या दोन-तीन पिढ्यांत तेच रोग. एकाच घरात आतडं आणि गर्भाशय. यांतली एक खूणही समुपदेशकाकडे जायला पुरेशी असते.

आता समजा, खांडीकडच्या एका बाईला अडतिसाव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला. तिच्या दोघी बहिणी घाबरून आपलं रक्त तपासा म्हणतात. पहिली तपासणी त्यांची करायची नाही, आजारी बहिणीची करायची. ज्या अंगात रोग झाला, तिथे दोष सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि दोष नेमका कोणता हे एकदा कळलं की बहिणींच्या रक्तात तेवढीच एक जागा बघावी लागते, ते स्वस्तात आणि खात्रीने होतं. उलट केलं, म्हणजे निरोगी बहिणीची मोठी चाचणी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्या ‘नाही’ला फारसा अर्थ उरत नाही. घराण्यातला दोष त्या चाचणीत न दिसणाऱ्या जागीही असू शकतो. दुर्दैवाने आपल्याकडे आजारी बाईच्या उपचारावर खर्च होतोच आहे, आता तिच्या रक्ताची आणखी चाचणी कशाला, असा विचार होतो आणि ती गेल्यावर उत्तरही तिच्याबरोबर जातं. शिवाय चाचणीचा तिला स्वतःलाही उपयोग असतो: बीआरसीए दोष असलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर ओलापॅरिबसारखी औषधं अधिक लागू पडतात.

रक्त एक छोटी बाटली लागतं. निकालाला काही आठवडे लागतात आणि तो तीन प्रकारचा असतो. दोष सापडला, सापडला नाही, आणि तिसरा, ज्याने सगळ्यांची झोप उडते, तो म्हणजे बदल आहे पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. हा तिसरा निकाल भारतीयांत जास्त येतो, कारण जगातल्या माहितीच्या साठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने फार आणि आपले थोडे. अशा निकालावर अवयव काढण्याचा निर्णय घ्यायचा नसतो. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. म्हणून निकाल मोबाइलवर पीडीएफ म्हणून येऊन पडणं आणि तो घरात कुणी इंटरनेटवर बघून वाचणं हे धोक्याचं आहे. तो समोर बसून समजून घ्यायचा कागद आहे. चाचणी विकणाऱ्या कंपन्या वाढल्या, त्या मानाने समजावून सांगणारे वाढले नाहीत, याची मला मनापासून चिंता वाटते.

दोष सापडलाच तर हातात बरंच काही असतं. पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राम. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान आणि बीआरसीए-२ असेल तर थोडं उशिरा, अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकणं. त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. हा मार्ग सुचवावा लागतो, कारण या अवयवाचा कर्करोग लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाही. बदल्यात पाळी एकदम बंद होते, हाडं आणि हृदय यांची काळजी घ्यावी लागते. हे बाईला आधी सांगितलंच पाहिजे. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलेली स्तन काढण्याची शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे, सक्ती नाही. लिंच सिंड्रोम असेल तर तरुणपणापासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात आणि गाठी कर्करोग होण्याआधीच काढल्या जातात.

सगळ्यात अवघड गाठ लग्नाची. ‘पोरीचं रक्त तपासलं आणि बाहेर कळलं तर स्थळ कोण देईल?’ हा प्रश्न खोटा नाही आणि त्याला उपदेशाचं उत्तर देऊ नये. निकाल गोपनीय असतो, अठरा वर्षांखालच्या मुलींची बीआरसीए तपासणी करत नाहीत, आणि तिचा निकाल कोणाला सांगायचा हे तिनेच ठरवायचं असतं. दुसरी बाजूही आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडे रीत आहे. एकाच घराण्यातला बीआरसीए-२ चा दोष नवरा-बायको दोघांतही असला, तर होणाऱ्या बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते आणि त्यातून फॅन्कोनी अॅनिमिया हा बालपणातला गंभीर आजार होऊ शकतो. अशा घरात लग्नाआधी विचारलेला प्रश्न लाजेचा नसतो.

आणि आयांना एक सांगावंसं वाटतं. मुलीला दोष गेला, तर तो तुम्ही दिला नाही. तो तुमच्याआधी शेकडो वर्षं या घराण्यातून चालत आला असेल, कुणाच्याही पापामुळे नाही.

खर्चाचं काय? मोठी चाचणी आजही हजारोंच्या घरात जाते, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आली आहे. विम्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय आजाराच्या नावाखाली आरोग्यविम्याचा दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं आणि विमा नियामक प्राधिकरणाने त्याच वर्षी कंपन्यांना तशी कलमं दाखवून दावे नाकारू नका म्हणून कळवलं. अमेरिकेत २००८ पासून आहे तसा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा.

त्याहून सोपं काम गावातच होऊ शकतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी-फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्यात स्तनात गाठ आहे का, हे विचारलेलं असतं. घराण्यात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार होता का, हेही असतं. घराण्यातल्या कर्करोगाचा प्रश्न तिथे घालायला एक ओळ पुरते. आशाताई गावातल्याच असतात; कोणाची आत्या कशाने गेली हे त्यांना फॉर्मशिवायही माहीत असतं.

खांडीच्या त्या दोघी बहिणींकडे परत येऊ. समजा, आजारी बहिणीत बीआरसीएचा दोष सापडला आणि थोरलीच्या रक्तात तो सापडला नाही. आणि आजारी बहिणीतला दोष माहीत असल्यामुळे हे ‘नाही’ पक्कं आहे. तिचा धोका आता गावातल्या इतर कुठल्याही बाईइतकाच, तिच्या मुलांना या दोषासाठी तपासण्याची गरज नाही. धाकटीत तो सापडला, तिचे एमआरआय सुरू होतील. थोरलीने मात्र मिश्री सोडायची आहे आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायची आहे, कारण त्या दोन कर्करोगांना बीआरसीएच्या निकालाशी काही देणंघेणं नसतं.